माऊस दुसऱ्याच्या हाती

वडगाव मावळच्या तहसील कचेरीभोवती सकाळी जमणारी गर्दी माणसांइतकीच कागदांची असते. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा तिन्ही खोऱ्यांतून उतरलेली माणसे प्लास्टिकच्या पिशवीत रेशनकार्ड, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा घेऊन आलेली असतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला मुलीच्या प्रवेशासाठी नॉन क्रिमिलेअर. कातकरी वस्तीवरच्या एखाद्या घरात जातीचा दाखला पहिल्यांदाच निघणार असतो. ही गर्दी कचेरीत शिरण्याआधी आसपासच्या गाळ्यांत शिरते. झेरॉक्स, स्कॅन, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म अशी पाटी, आत एक टेबल, एक संगणक, एक प्रिंटर आणि स्क्रीनवरून नजर न काढता बोलणारा ऑपरेटर: “मावशी, आधार व्हॉट्सॲपला टाका. ओटीपी आला की सांगा.” मावशी सांगतात. त्यांचे नाव, जन्मतारीख, बँकेचे खाते, जमिनीचा गट क्रमांक असे सगळे पुढच्या काही मिनिटांत एका यंत्रातून जाते. ते यंत्र त्यांचे नसते आणि त्यातली एकही सेटिंग त्यांनी कधी पाहिलेली नसते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘खासगीपण’ हा विषय दिला, तेव्हा संगणकाच्या अंगाने त्यावर जे लिहिले जाते ते डोळ्यांसमोर होते. आपल्या लॅपटॉपवर ही दहा बटणे बंद करा, लोकेशन थांबवा, जाहिरातींची ओळख पुसा, मायक्रोसॉफ्टला कमीत कमी माहिती द्या, अशी ती यादी असते. यादी चुकीची नाही. पण एक माणूस, एक संगणक आणि माऊस ज्याच्या हातात त्याचीच माहिती आत, असे ती गृहीत धरते. मावळात हिंडताना हे गृहीतक पहिल्याच गाळ्यात मोडते. वडगाव, कामशेत, तळेगाव, लोणावळा इथल्या ज्या संगणकांतून तालुक्याची बहुतेक खासगी माहिती जाते, ते दुकानांचे, सेवा केंद्रांचे, हॉटेलांचे, वकील आणि जमीन एजंटांचे संगणक आहेत. तिथे माऊस एकाच्या हाती आणि माहिती दुसऱ्याची. म्हणून माझे म्हणणे असे, की संगणकाच्या प्रायव्हसी सेटिंग्जकडे स्वतःची गुपिते जपण्याचा छंद म्हणून पाहणे सोडले पाहिजे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना तिची जी काळजी घ्यावी लागते, तिचा तो भाग आहे. एकदा असे पाहिले की कोणती सेटिंग महत्त्वाची, तिची जबाबदारी कुणाची आणि हयगय झाली तर जाब कुणाला विचारायचा, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे बदलतात.

कागद आत येतो, बाहेर जात नाही

आधी कामाची साखळी पाहू. ग्राहक आपल्या फोनवरून दुकानाच्या नंबरवर आधारचा फोटो पाठवतो. दुकानाचे व्हॉट्सॲप संगणकाला जोडलेले असते, तिथून फोटो उतरवला की तो ‘डाउनलोड्स’ या फोल्डरमध्ये पडतो. सरकारी संकेतस्थळाला फाइल ठरावीक आकारातच हवी असते. म्हणून ऑपरेटर फोटो कापतो, लहान करतो आणि हाताशी राहावा म्हणून डेस्कटॉपवर वेगळ्या नावाने ठेवतो. मग पुढची-मागची बाजू एकत्र करून पीडीएफ बनते. प्रिंट मारली जाते. अर्ज गेला, पावती निघाली, पैसे दिले, ग्राहक उठला. त्याच्या हातात मूळ कार्ड परत गेले, पण संगणकात त्याच कार्डाच्या तीन-चार प्रती राहिल्या: व्हॉट्सॲपच्या गप्पांत एक, डाउनलोड्समध्ये एक, डेस्कटॉपवर एक-दोन. ‘आधार नवीन’, ‘आधार फायनल’, ‘पॅन २’ अशा नावांच्या फायलींनी भरलेला डेस्कटॉप हे या धंद्याचे नेहमीचे दृश्य आहे. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. रांग मोठी असते, वीज कधीही जाते, संकेतस्थळ मध्येच अडकते, आणि पुसायला वेळ कुणाकडे नसतो. माहिती चोरली जाण्याच्या कितीतरी आधी ती नुसती साचते.

२०२४ च्या जुलैमध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज सुरू झाले आणि हे साचणे कित्येक पटींनी वाढले. महिन्याला १५०० रुपयांसाठी गावोगावच्या बायकांनी आधार, बँक पासबुक, रहिवासाचा पुरावा पुढे केला. पुढे २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या जोडीने नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक आणि ओटीपी लागू लागला. म्हणजे एका अर्जामागे एका घरातली दोन माणसे त्याच यंत्रातून गेली. अशा दिवसांत ब्राउझर आपली स्मरणशक्ती दाखवतो. आधार क्रमांकाच्या रकान्यात पहिला आकडा टाकला, की त्या आकड्याने सुरू होणारे आधी भरलेले क्रमांक खाली उलगडतात. शेजारी बसलेल्या ग्राहकाला ते सहज वाचता येतात.

यावरचे उपाय कंटाळवाणे आहेत, त्यामुळे बटणांच्या लोकप्रिय याद्यांत ते क्वचित दिसतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग स्टोरेज आणि तिथे ‘स्टोरेज सेन्स’ नावाची सोय आहे. डाउनलोड्समधली फाइल एक, चौदा, तीस किंवा साठ दिवस उघडली गेली नाही तर ती आपोआप काढून टाकायची, असे तिथे ठरवता येते. रिसायकल बिनसाठीही तशीच मुदत लावता येते. मात्र डाउनलोड्सची मुदत मुळात ‘कधीच नाही’ अशी असते, त्यामुळे मुद्दाम बदलल्याशिवाय त्यातले काहीही पुसले जात नाही. ‘पर्सनलायझेशन’मध्ये स्टार्टच्या पानावर, अलीकडे उघडलेल्या फायली दाखवणे बंद करता येते. त्याने फाइल जात नाही, पण पुढच्या ग्राहकासमोर मागच्याचे नाव झळकत नाही. प्रिंटरच्या गुणधर्मांत ‘छापलेले दस्तऐवज ठेवा’ या अर्थाची एक चौकट असते, ती रिकामी आहे ना ते पाहावे. आणि प्रत्येक ग्राहकाचा फॉर्म क्रोम किंवा एजच्या ‘गेस्ट’ खिडकीत भरला, तर खिडकी बंद होताच भरलेले आकडे, लॉगइन, इतिहास सगळे जाते. उतरवलेल्या फायली तेवढ्या मागे राहतात, त्यांच्यासाठी स्टोरेज सेन्स. या सगळ्याला एक दुपार पुरते आणि रुपयाही लागत नाही.

कंपनीकडे काय जाते

विंडोज १० हे २९ जुलै २०१५ रोजी आले तेव्हापासून ‘मायक्रोसॉफ्ट आपल्यावर पाळत ठेवते’ ही तक्रार चालू आहे. तिच्यात तथ्य आहे. नवा संगणक पहिल्यांदा सुरू करताना प्रायव्हसीचे जे पान येते, त्यावर लोकेशन, जास्तीची निदान माहिती, जाहिरातींसाठीची ओळख अशा गोष्टींना होकार मागितलेला असतो आणि संगणक बसवून देणारा तंत्रज्ञ भराभर पुढे जात राहतो. नंतर ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ या पानावर जाऊन त्यातले बरेच बंद करता येते: जाहिरात ओळख, वापरावर आधारित सूचना, ऐच्छिक निदान माहिती, कोणत्या ॲपला कॅमेरा, मायक्रोफोन, ठिकाण दिसावे ते. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी. दुकानांत असतात त्या होम आणि प्रो आवृत्त्यांत ‘आवश्यक’ निदान माहिती पूर्ण थांबवता येत नाही. ती मुभा मोठ्या संस्थांसाठीच्या एंटरप्राइज आणि शैक्षणिक आवृत्त्यांत आहे.

पण खांडी गावाहून आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले, तर ही सगळी बटणे दुय्यम ठरतात. मायक्रोसॉफ्टकडे जाणारी निदान माहिती मुख्यतः दुकानाच्या यंत्राबद्दल असते, ग्राहकाच्या सातबाऱ्याबद्दल नसते. त्याच्या कागदाला खरोखर पाय फोडणारी सेटिंग दुसरीच आहे: वनड्राइव्हचा बॅकअप. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या संगणकांत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर बऱ्याचदा न विचारल्यासारखेच वनड्राइव्हला जोडले जातात. म्हणजे डेस्कटॉपवर ठेवलेले ‘आधार फायनल’ इंटरनेटवरच्या साठवणीत जाते. ते खाते कुणाचे? मालकाचे असेलच असे नाही. कधी ते संगणक बसवणाऱ्याने घाईत उघडलेले असते, कधी मालकाच्या कॉलेजातल्या मुलाचे. मग तेच खाते ज्या फोनवर किंवा लॅपटॉपवर उघडे असेल, तिथे वडगावच्या गाळ्यातले दाखले दिसू शकतात. फुकट मिळणारी जागा ५ जीबीची असते. ती भरल्याचा इशारा आला की दुकानात पहिल्यांदा कळते, की आपले सगळे वर जात होते. बॅकअप वाईट नाही. दुकानाचे हिशेब त्यात जरूर जावेत. ग्राहकांचे कागद जाऊ नयेत, एवढेच ठरवून ते फोल्डर यादीतून काढायचे असतात.

पाळतीच्या धास्तीपोटी उलट टोकाला जाणारेही असतात. कुणी इंटरनेटवरून एखादी स्क्रिप्ट उतरवून विंडोजच्या अर्ध्या सेवा बंद करतो, त्यात सुरक्षेची अपडेट्सही थांबतात. कुणी परवान्याचे पैसे वाचवायला क्रॅक केलेली विंडोज घालतो आणि ती चालू करणारे साधन म्हणते म्हणून अँटिव्हायरस बंद करतो. विंडोज १० ला मिळणारे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. नोंदणी करणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टने आणखी वर्षभराची सुरक्षा अपडेट्स देऊ केली. तरीही जुने मराठी टंकनाचे सॉफ्टवेअर, त्याचे डोंगल, जुना स्कॅनर या कारणांनी दुकाने जुन्याच यंत्रांवर चालतात. अशा ठिकाणी जाहिरातींची ओळख बंद केल्याचे समाधान पोकळ आहे. कंपनीला कमी माहिती देणे चांगलेच, पण यंत्र चोरांना उघडे ठेवून ते केले तर ग्राहकाच्या पदरात तोटाच पडतो.

एक लॉगइन, अनेक हात

गाळ्यातला संगणक दिवसभरात कितीजण हाताळतात? मालक, ऑपरेटर, सुट्टीत मदतीला आलेला भाचा, प्रिंट अडकली की आत येणारा शेजारचा दुकानदार, आणि पुण्याहून किंवा तळेगावहून, दुरून संगणक चालवू देणाऱ्या एनीडेस्कवर येणारा दुरुस्तीवाला. या सगळ्यांसाठी लॉगइन एकच, तेही बहुधा ॲडमिनिस्ट्रेटरचे, आणि पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर. यात सर्वांत कमी बोलला जाणारा धोका त्या दूरच्या दुरुस्तीवाल्याचा आहे. एनीडेस्कमध्ये पुन्हा पुन्हा परवानगी विचारायला नको म्हणून कायमचा पासवर्ड लावून ठेवता येतो. दुरुस्ती संपते, तो पासवर्ड तसाच राहतो, आणि समोर कुणी नसतानाही संगणक दुसरीकडून उघडता येतो. दुरुस्तीवाला प्रामाणिक असेलही, पण त्याने तोच पासवर्ड सगळ्या गिऱ्हाइकांकडे लावला असेल, तर एकीकडून तो फुटला की सगळी दुकाने उघडी पडली.

ऑपरेटिंग सिस्टीममध्ये यावर जुनी, साधी व्यवस्था आहे. मालकाचे ॲडमिनिस्ट्रेटर खाते वेगळे ठेवायचे आणि रोजचे काम ‘स्टँडर्ड’ खात्यातून करायचे. स्टँडर्ड खात्याला बहुतेक नवे सॉफ्टवेअर घालता येत नाही, दुसऱ्या खात्याच्या फायली दिसत नाहीत. म्हणजे मालकाचे बँकेचे कागद आणि ग्राहकांचे दाखले आपोआप वेगळे राहतात. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबले की पडद्याला कुलूप लागते. एनीडेस्क लागेल तेव्हाच चालू करायचे आणि कायमचा पासवर्ड काढून टाकायचा. दुसरी गोष्ट डिस्कच्या कुलपाची. प्रो आवृत्तीत बिटलॉकर आणि पुष्कळ नव्या होम यंत्रांत ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ असते. ते चालू असेल तर संगणक चोरीला गेला किंवा डिस्क काढून दुसरीकडे लावली तरी फायली वाचता येत नाहीत. फक्त त्याची रिकव्हरी की कुठे ठेवली आहे ते मालकाला माहीत हवे, नाहीतर एखाद्या दुरुस्तीनंतर स्वतःच बाहेर अडकण्याची पाळी. जुना संगणक एक्स्चेंजमध्ये देताना डिलीट केलेले जुन्या फिरत्या डिस्कवरून परत काढता येते, म्हणून ‘रीसेट’ करताना डिस्क पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडावा लागतो. त्याला वेळ जास्त लागतो म्हणून बरेचजण तो टाळतात.

इथे जमिनीचा विषय येतोच. द्रुतगती महामार्ग आणि तळेगावची एमआयडीसी यांच्यामुळे मावळातला गुंठा महाग झाला आणि खरेदीखत, कुलमुखत्यारपत्र, साठेखत हे इथले रोजचे कागद बनले. हे दस्त टाइप होतात, स्कॅन होतात, एजंटाकडून वकिलाकडे आणि तिथून बँकेकडे मेलने फिरतात. त्यांवर अंगठे असतात. आधारची बोट टेकवायची नवी यंत्रे ठसा यंत्राच्या आतच सांकेतिक करतात, संगणकाला उघडा ठसा दिसत नाही. त्या रचनेत कष्ट घेतलेले आहेत. पण स्कॅन केलेल्या खरेदीखतावरचा अंगठा हे निव्वळ चित्र असते आणि चित्राला कुलूप नसते. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरच्या दस्तांतून ठसे उतरवून त्यांच्या नकला बनवल्याचे उघडकीस आले होते. तिथे दस्त सरकारी संकेतस्थळावरून मिळाले. जमीन एजंटाचा भरलेला डेस्कटॉप हाती लागला, तर तेवढेही श्रम पडणार नाहीत.

लोणावळ्याचा पाहुणा

घाटाच्या तोंडाशी चित्र बदलते, प्रश्न तोच राहतो. पावसाळ्यात शनिवारी भुशी धरणाकडे, टायगर पॉइंटकडे, कार्ला-भाजे लेण्यांकडे, पवनाकाठच्या तंबूंकडे मुंबई-पुण्याची गर्दी लोटते. हॉटेल असो, भाड्याचा बंगला असो की तळ्याकाठचा कॅम्प, आत शिरण्याआधी ओळखपत्र मागितले जाते, आणि बंगल्यांच्या बाबतीत ते आधीच केअरटेकरच्या व्हॉट्सॲपवर जाते. सगळ्या मित्रांचे आधार एकाच माणसाने एकाच गटात पाठवलेले असतात. नोंद ठेवणे हॉटेलवाल्याला सोडता येत नाही. पोलीस तपासाला आले तर रजिस्टर दाखवावे लागते आणि परदेशी पाहुण्याची माहिती तर चोवीस तासांत ऑनलाइन कळवावी लागते. पण नोंद आणि प्रत यांत फरक आहे. नाव, पत्ता, ओळखपत्राचा प्रकार, वेळ ही नोंद झाली. पूर्ण आधारचे रंगीत चित्र रिसेप्शनच्या संगणकात वर्षानुवर्षे पडून राहणे ही प्रत झाली, आणि नोंदीसाठी ती लागत नाही.

हा फरक सरकारी पातळीवर एकदा स्पष्ट बोलला गेला होता. २०२२ च्या मे महिन्यात आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने सूचना काढली: आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे ‘मास्क्ड’ आधार द्या, परवाना नसलेल्या हॉटेलांना आणि चित्रपटगृहांना प्रती ठेवता येत नाहीत, सायबर कॅफेत ई-आधार उतरवलेच तर त्या संगणकावरून प्रती कायमच्या पुसा. देशभर गोंधळ उडाला आणि लोक चुकीचा अर्थ काढतील असे कारण देऊन, आधार जपून वापरा एवढेच सांगत ती सूचना दोन दिवसांत मागे घेतली गेली. मागे घेतली तरी तिच्यात तांत्रिक चूक नव्हती. मास्क्ड आधार आजही प्राधिकरणाच्याच संकेतस्थळावरून उतरवता येते. त्या सूचनेत अवघड होते ते वेगळेच: पुसण्याचे काम तिने ग्राहकावर टाकले होते. दुसऱ्याच्या संगणकावर बसून, दुसऱ्याच्या ऑपरेटरला ‘आता कायमचे पुसा’ असे सांगण्याची ताकद टाकवे गावच्या आजीत किंवा घाईतल्या पाहुण्यात नसते.

बंगल्यातला वाय-फाय हा आणखी एक सामाईक रस्ता. केअरटेकरचा संगणक, पाहुण्यांचे लॅपटॉप, टीव्ही सगळे एकाच राउटरवर. विंडोजमध्ये प्रत्येक जोडणीला ‘पब्लिक’ किंवा ‘प्रायव्हेट’ असा दर्जा असतो. पब्लिक ठेवला तर आपला संगणक शेजारच्यांना दिसत नाही, प्रायव्हेट ठेवून फोल्डर शेअर केले असतील तर दिसू शकतो. दुकानात दोन संगणकांत प्रिंटर वाटून घेण्यासाठी प्रायव्हेट लागते, म्हणून पाहुण्यांसाठी राउटरवरचे वेगळे गेस्ट नेटवर्क चालू करणे हाच व्यवहारी मार्ग. टीव्ही हाही आता संगणकच. पाहुणा त्यावर आपल्या खात्याने सिनेमा पाहतो, रविवारी रात्री निघून जातो, लॉगइन तसेच राहते. प्रत्येक चेकआउटनंतर केअरटेकरने चादरी बदलतानाच टीव्हीतली खाती काढली, तर त्याचा वेळ फार जात नाही.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय?’

या विषयावर पहिला आक्षेप नेहमीचा असतो: गरीब माणसाकडे लपवण्यासारखे काय आहे? माझ्या मते हा प्रश्न उलट्या बाजूने पाहायला हवा. ज्याच्याकडे गमावायला थोडे असते, त्याला थोड्याची हानीही जड जाते. त्याच्या खात्यातले १५०० रुपये गेले, त्याच्या नावावर सिम निघाले, त्याच्या कागदावर दुसऱ्याने कर्ज घेतले, तर ते निस्तरायला लागणारे हेलपाटे आणि बुडालेली मजुरी हीच मोठी शिक्षा असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, तो गुपिते असणाऱ्यांपुरता नाही. माणसाच्या माहितीवर त्याचा शब्द चालावा, असे ते तत्त्व आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो ऑपरेटरच्या बाजूचा आहे. फाइल पुसली तर पुढच्या वेळी त्याच आजींना टाकव्याहून कागद पुन्हा आणावे लागतील. कित्येकजण येऊन “मागच्या वेळी तुमच्याकडेच दिले होते ना?” असे विचारतात, आणि फाइल सापडली तर त्यांचा एसटीचा हेलपाटा वाचतो. ही सोय खरी आहे, तिची टिंगल करता येणार नाही. पण गिरणीवाला आपल्या डब्यातले धान्य दळून परत देतो, पुढच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून त्यातले पायलीभर ठेवून घेत नाही. ठेवायचेच असेल तर विचारून ठेवावे, वेगळ्या कुलूपबंद फोल्डरमध्ये ठेवावे आणि मुदत ठरवून ठेवावे. त्याहून बरे म्हणजे ग्राहकाचे डिजिलॉकर उघडून द्यावे किंवा पीडीएफ त्याच्याच फोनवर पाठवून द्यावी. त्याची सोयही होते आणि वस्तूही त्याच्याकडे राहते.

तिसरा आक्षेप कायद्याचा: सायबर कॅफेसाठीचे २०११ चे नियम नोंदी ठेवायला सांगतातच. सांगतात. वापरणाऱ्याची ओळख आणि वापराच्या नोंदी किमान वर्षभर ठेवायच्या आहेत. कोण कधी संगणकावर बसले याची नोंद ठेवा असा त्याचा अर्थ होतो. फॉर्म भरायला आलेल्या प्रत्येकाचा जातीचा दाखला आणि पासबुक डेस्कटॉपवर साचू द्या, असा होत नाही. आणि चौथा आक्षेप हताशेचा: मोठ्या कंपन्या सगळे घेतातच, गळती मोठ्या सर्व्हरांतून होते, मग आपल्या गाळ्यात झाडलोट करून काय मिळणार? मोठी गळती वडगावचा ऑपरेटर थांबवू शकत नाही हे मान्य. पण ओळखीच्या माणसाकडून होणारा त्रास, शेजाऱ्याने पाहिलेले घरचे कागद, नात्यातल्या वादात पुढे आलेला मुखत्यारपत्राचा मसुदा, हे सगळे याच गाळ्यांतून होऊ शकते. छोट्या तालुक्यात अनोळखी कंपनीपेक्षा ओळखीचा डोळा जास्त नुकसान करतो.

मुळात चालू काय असावे

तरीही सगळा भार दुकानदारावर टाकणे न्यायाचे नाही. तो तंत्रज्ञ नाही आणि त्याच्यासमोर रांग आहे. माणसे मुळातली सेटिंग क्वचितच बदलतात. म्हणून ती सेटिंग ठरवणाऱ्याची जबाबदारी सर्वांत मोठी. दबाव आला की ती बदलते, याची उदाहरणे आहेत. २०१६ च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या माहिती संरक्षण यंत्रणेने विंडोज १० जरुरीपेक्षा जास्त माहिती गोळा करते म्हणून मायक्रोसॉफ्टला नोटीस दिली. पुढच्या वर्षी कंपनीने गोळा होणारी माहिती घटवली, निवडीची पाने सुधारली आणि ते प्रकरण मिटले. २०२४ च्या मे महिन्यात ‘रिकॉल’ जाहीर झाले: पडद्याची चित्रे सतत टिपून नंतर शोधू देणारी सोय. ती चित्रे किती सहज वाचता येतात हे सुरक्षा संशोधकांनी दाखवल्यावर कंपनीला ती पुढे ढकलावी लागली, आणि २०२५ मध्ये ती आली तेव्हा वापरणाऱ्याने स्वतः चालू केली तरच चालणारी म्हणून आली. रिकॉलला लागणारे महागडे संगणक सेवा केंद्रांत उद्या येतील तेव्हा काय होईल, याचा विचार आजच करायला हवा. ज्या पडद्यावर दिवसभर अनोळखी लोकांचे आधार उघडतात, त्या पडद्याची चित्रे कुणालाही न विचारता जमा होणे हे तिथे मुळीच नको.

आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये निघाले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षाने लागू होतात. काम झाले आणि कायद्याने ठेवायची गरज नसेल तर माहिती पुसा, वाजवी सुरक्षा ठेवा, हे त्यात आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा गाळ्यातल्या माणसाला इतका मोठा वाटतो की तो त्याच्यासाठी नाहीच असे समजून तो सोडून देतो. म्हणून त्याच्या मापाची यंत्रणा हवी. ‘आपले सरकार’ सेवा केंद्रांना मान्यता प्रशासन देते, दरपत्रक दर्शनी लावायला सांगते. त्याच मान्यतेच्या अटींत पाच-सहा ओळी बसू शकतात: कामाचे वेगळे स्टँडर्ड खाते, फॉर्मसाठी गेस्ट खिडकी, डाउनलोड्सला चौदा दिवसांची मुदत, ग्राहकांच्या कागदांचा वनड्राइव्ह बॅकअप बंद, अपडेट्स चालू, कायमचा दूरपासवर्ड नाही. तपासणीला आलेल्या कर्मचाऱ्याला हे थोड्या वेळात पाहता येते. लोणावळा नगरपरिषद आणि पोलीस बंगलेवाल्यांना ज्या सूचना देतात, त्यांत मास्क्ड आधार पुरेसे आहे एवढे एक वाक्य घातले तरी फरक पडेल.

ग्राहकाने काहीच करू नये असे नाही. मास्क्ड आधार द्यावे, ओटीपी सांगण्याआधी तो कशासाठी आहे ते वाचावे, निघताना “माझे कागद पुसले का?” असे विचारावे. पण जबाबदारीच्या रांगेत तो शेवटी उभा आहे. पहिला क्रमांक ऑपरेटिंग सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा तिच्यावर नियम लावणाऱ्या सरकारचा, तिसरा केंद्राला मान्यता देणाऱ्या कचेरीचा, चौथा दुकानाच्या मालकाचा. आज रांग उलटी लागलेली आहे: ज्याच्या हातात काहीच नाही त्यालाच सावध राहायला सांगितले जाते. कचेरीतून अटींचे एक पान निघाले आणि प्रत्येक गाळ्याने एक दुपार दिली, तरी ही रांग निदान मावळापुरती सरळ करता येईल.